सहा जणांची नावे

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात प्रश्नाची मांडणी सविस्तर आहे आणि मागण्यांची यादीही नेमकी आहे. सोबत कोण आहे याविषयी मात्र ‘आम्ही तीसेक जण आहोत’ एवढे एकच वाक्य आले आहे. मी उत्तर त्या वाक्याला देतो आहे, कारण सामाजिक कामे बहुधा तिथेच अडतात. तीस माणसांत परस्परांच्या जोड्या ४३५ होतात, सहा जणांत फक्त १५. ४३५ संबंध कोणालाच सांभाळता येत नाहीत. म्हणून तीस जणांच्या बैठकीत तिघे-चौघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावून घरी जातात. तुला आधी सहा-सात जणांचा गाभा हवा आहे. उरलेले त्यांच्यामार्फत जोडलेले राहतील.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध केले. माणसे वाढली तसा एकूण जोर वाढला, पण प्रत्येकाच्या वाट्याचा जोर घटत गेला. पुढच्या अभ्यासकांनी याची दोन कारणे वेगळी केली: सगळ्यांना एकाच क्षणी ओढणे जमत नाही हे एक, आणि आपण हात सैल सोडला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही असे वाटते हे दुसरे. पहिले कारण सरावाने कमी होते. दुसऱ्यासाठी प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसावा लागतो, आणि ही व्यवस्था लावणे हे तुझे काम आहे. भाषणे त्यानंतर.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बहिष्काराची हकिकत तुला ठाऊक असेल, पण ती बहुधा रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग या दोनच नावांभोवती सांगितली जाते. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्या मदतीने महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके छापली. शुक्रवारी ती शहरभर वाटली गेली आणि सोमवारी बहिष्कार सुरू झाला. हे एका रात्रीत कसे साधले? रॉबिन्सन ज्या महिला राजकीय परिषदेच्या अध्यक्षा होत्या, ती १९४६ पासून काम करत होती. वेळ आल्यास पत्रके कुठे आणि कशी पोहोचवायची, याची चर्चा तिच्या पदाधिकाऱ्यांत आधीच झालेली होती. बहिष्कार ३८१ दिवस टिकला, तोही केवळ उत्साहावर नव्हे. लोकांना कामावर पोहोचवण्यासाठी खासगी गाड्यांची व्यवस्था उभी केली होती, ठरलेले थांबे होते, पैसे जमवणारे लोक होते. किंग तेव्हा २६ वर्षांचे होते आणि त्यांच्या वक्तृत्वाचे मोल मी कमी मानत नाही, पण ते वक्तृत्व ज्या घडीवर उभे राहिले ती आधीपासून बसवलेली होती.

तेव्हा जबाबदारी देताना तिच्यासोबत निर्णयाचा अधिकारही दे. ‘पत्रक छापून आण’ हे सांगकाम्याचे काम झाले. ‘पत्रक तुझ्याकडे; मजकूर, खर्च आणि वाटप तू ठरव, अडलास तर विचार’ असे म्हटले की माणूस त्या कामाचा धनी होतो. ते पत्रक तुझ्या मनासारखे होणार नाही, आणि ते स्वतः पुन्हा लिहून काढण्याचा मोह तुला होईल. हुशार कार्यकर्त्यांच्या गटात दुसरी फळी तयार होत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हा मोहच असतो.

बैठकीचा शेवट कसा होतो याकडे नीट लक्ष दे. ‘निवेदन द्यायला हवे’ यावर सगळे हो म्हणतात आणि उठतात. पंधरा दिवसांनी तेच वाक्य पुन्हा बोलले जाते. त्याऐवजी उठण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेव आणि प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगू दे: मी काय करणार, कोणत्या वारापर्यंत करणार. ते वहीत उतरव, पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पानाने कर. जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन कर, आणि जाब न विचारता आधी ख्यालीखुशाली विचार. हे काम कंटाळवाणे आहे. ते टाळून पुढारीपण करता येते, संघटना बांधता येत नाही.

वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती लवकर पोहोचते, हेही पाहत जा. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका बोलून दाखवण्याची भीती कमी असावी, असा अर्थ त्यांनी लावला. तुझ्या गटात कोणी ‘सह्या जमल्याच नाहीत’ असे सांगितले, तर पहिल्या क्षणी तुझा चेहरा कसा होतो हे बाकीचे पाच जण पाहत असतात, आणि पुढच्या वेळी काय लपवायचे ते त्यावरून ठरवतात.

मतभेदांना फार घाबरू नकोस. मुद्द्यावरचे भांडण बैठकीत होऊ दे; बैठकीनंतर बाहेर उभ्याने जी कुजबूज चालते, ती अधिक घातक असते. पैशांचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून दोघांच्या सहीने ठेव आणि सर्वांना दाखव. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता एवढेच कर. पुढची बैठक दुसऱ्या कोणाला चालवायला दे आणि स्वतः कोपऱ्यात बसून वही लिही. नंतर मला सहा नावे कळव, आणि प्रत्येक नावापुढे असा एक निर्णय लिही, जो त्या व्यक्तीने तुला न विचारता घेतला तरी चालेल. एखाद्या नावापुढची जागा रिकामी राहिली, तर ती तशीच ठेवून पाठव. तिच्याविषयी पुढच्या पत्रात बोलू.

तुझा हितचिंतक