‘पासून’ दिसलं की सिन्स ठोकायचं नाही

प्रश्न : सर नमस्कार, मी खानापूर भागातला. डिप्लोमा करून दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. परवा दुसरीकडं इंटरव्ह्यूला गेलतो, तिथं ‘आय पास्ड आउट इन 2023’ आणि ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’ असं बोलून सोडलं, तर साहेब गालातल्या गालात हसले. चुकलं काय तेच कळेना.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : हसू देत की, त्यांचंही कधीतरी असंच चुकलं असणार. होतं काय, डोक्यात आधी मराठी वाक्य येतं, ‘दोन वर्षांपासून काम करतोय’, आणि ‘पासून’ म्हटलं की जीभ सिन्सकडंच वळते. त्यात आपल्या आजूबाजूला कन्नड, तिथंही ‘एरडु वर्षदिंद’, म्हणजे पुन्हा तेच दोन वर्षांपासून! आपण सीमाभागातली माणसं या खड्ड्यात दोन्ही बाजूंनी पडतो. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, आणि किती काळ झाला ते मोजून सांगायचं तर फॉर. बेळगावचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं, तर तिथं ‘सिन्स 2014’ (आपल्या तोंडात बेळगावच आहे तो भाग वेगळा). दोन वर्षं हा मोजलेला काळ, म्हणून ‘फॉर टू इयर्स’. मी मुलांना एक युक्ती सांगतो, ‘पासून’ काढा आणि पुढं ‘गेली’ लावून बघा. ‘गेली दोन वर्षं काम करतोय’ जमतं ना, मग फॉर. ‘गेली 2014 काम करतोय’ असं कोण म्हणतंय, तिथं सिन्स.

आणि ‘ॲम वर्किंग’ नको, ‘हॅव बीन वर्किंग’ म्हणा. मराठीत नुसतं ‘करतोय’ म्हटलं तरी भागतं, इंग्रजीला मात्र काम मागं सुरू झालं आणि अजून चालू आहे हे क्रियापदातच दाखवावं लागतं.

पास आउटचं म्हणाल तर आपल्या देशात सगळे समजून घेतात, पण बाहेरचा माणूस ऐकेल की तुम्ही 2023 मध्ये चक्कर येऊन पडलात. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग संपलेल्या जवानांची पासिंग आउट परेड होते, तिथं तो शब्द एकदम चोख. तुम्ही ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2023’ एवढंच म्हणा.

प्रश्न : मी शाळेत इंग्लिश शिकवते. ‘डिस्कस अबाउट’वर लाल रेघा मारून दमले. आणि ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडं आणणं) हा शब्दच नाही असं आमचे मिस्टर म्हणतात, खरं काय?
– एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : मॅडम, ‘विषयी चर्चा’मधला ‘विषयी’ तिथं घुसतो. डिस्कस म्हणजेच ‘च्याविषयी चर्चा करणं’, अबाउट त्याच्या पोटातच आहे. पण डिस्कशन हे नाम आलं की अबाउट चालतं, म्हणून पोरं गोंधळतात, दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

प्रीपोन ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, तेव्हा घरातला वाद तुम्ही जिंकलात. फक्त फॉरेनच्या क्लायंटला मेल लिहिताना मिस्टरांनी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरलेलं बरं, तिकडं प्रीपोन बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नसतो.