ऑटिझम असलेल्या धाकट्याच्या घरच्या थेरपीत ८ वर्षांच्या ताईला घ्यावं का?

घ्या की, नक्की घ्या, पण खेळ म्हणून, रोज १० मिनिटं बास. आमच्याकडे ताई साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि मनात ५ पर्यंत मोजत थांबायची, त्याने हात पुढे केला किंवा नुसतं "द" जरी म्हटलं की लगेच फुगे, कारण उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळतच नाही. आमच्यापेक्षा तिच्याकडे तो जास्त बघायचा हो! फक्त तो चिडून चावायला लागला की पुढचं काम मोठ्यांचं, तिने बाजूला व्हायचं. आणि तिला नको असेल त्या दिवशी नको, ती पण लहानच आहे, रात्री झोपताना एक गोष्ट फक्त तिच्यासाठी ठेवा.