रेनिन नक्की कुठलं? किडनीतलं की वासराच्या जठरातलं?

प्रश्न असा आहे की एका लेखात 'रेनिन हे किडनीचं संप्रेरक (हार्मोन), ते ब्लडप्रेशर वाढवतं' असं वाचलं, आणि दुसरीकडे 'रेनिन हे दूध साकळवणारं विकर (एन्झाइम)' असं दिसलं. मग हे एकच आहे का, आणि त्याला संप्रेरक म्हणायचं की विकर?

एकच नाही, दोन आहेत. हा घोळ आपल्या लिपीत जरा जास्तच होतो, कारण इंग्रजीत किडनीवाल्या शब्दात मधे एक 'एन' आणि दुधवाल्यात दोन, एवढा तरी फरक दिसतो. देवनागरीत दोन्हीकडे बिनधास्त 'रेनिन' लिहिलं जातं, 'रेन्निन' लिहायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दुधवालं नाव आलंय रेनेटवरून, म्हणजे चीज करताना दूध साकळवायला वासराच्या जठरातून जे काढतात त्यावरून. त्या विकराला आता कायमोसिन म्हणतात, मराठीतही सरळ तेच लिहावं म्हणजे प्रश्नच मिटला. किडनीवालं रेनिन लॅटिन 'रेन'वरून, म्हणजे मूत्रपिंडावरून. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधे टिगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, त्यांचं प्रेशर वाढलं, आणि अर्कातल्या त्या पदार्थाला त्यांनी हे नाव दिलं. गंमत म्हणजे दोन्ही प्रोटीन कापणारी विकरं आहेत आणि दोघांचं कूळही एकच, पेप्सिनसुद्धा त्यातलंच.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, माझ्या मते विकर. संप्रेरक रक्तातून लांब जातं आणि तिथल्या पेशीला चिकटून तिला कामाला लावतं. रेनिन रक्तात सोडलं जातं हे खरं, म्हणून जुन्या सवयीने त्याला हार्मोन म्हणतात, पण त्याचं मुख्य काम कापाकापीचं. लिव्हर एक मोठं प्रोटीन रक्तात सोडतं, अँजिओटेन्सिनोजेन, त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन कापून काढतं, तो अँजिओटेन्सिन वन. त्यातली दोन अमिनो आम्लं एसीई नावाचं दुसरं विकर छाटतं, मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधे, आणि उरतं ते आठांचं अँजिओटेन्सिन टू. खरं संप्रेरक हे! हेच रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं, आणि किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं संप्रेरक सोडायला लावतं. लॅबच्या रिपोर्टवरसुद्धा 'प्लाझ्मा रेनिन ॲक्टिव्हिटी' असं असतं ना, ती ॲक्टिव्हिटी म्हणजे तासाला किती अँजिओटेन्सिन वन तयार झालं त्याचं माप. विकराचं मोजमाप असंच करतात.

जाता जाता, अँजिओटेन्सिन हा शब्द तडजोडीतून आलाय. ब्युनॉस आयर्सच्या ब्राऊन-मेनेंडेझ यांच्या गटाने 'हायपरटेन्सिन' म्हटलं होतं, अमेरिकेत पेज यांच्या गटाने 'अँजिओटोनिन', आणि बरीच वर्षं दोन्ही नावं चालल्यावर १९५८मधे अर्धं याचं अर्धं त्याचं घेऊन हे नाव ठरवलं. त्यामुळे याचा संस्कृत प्रतिशब्द पाडायच्या फंदात पडू नये.

आता त्या लेखातल्या 'वाढवतं' या क्रियापदाबद्दल. चूक नाही पण अर्धवट आहे. किडनीकडे येणाऱ्या रक्ताचं प्रेशर घटलं, किंवा तिच्या नळ्यांमधून पुढे पोचणारं मीठ कमी झालं, की रेनिन सुटतं, आणि मीठ भरपूर खाल्लं की उलट ते दबतं. म्हणजे हा घसरलेलं प्रेशर सावरायचा बंदोबस्त आहे, मी तरी 'सावरतं' लिहीन. मिठाचा हिशेब बघा, किडनी दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळते, त्यात जवळपास दीड किलो मीठ असतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. अल्डोस्टेरॉनच्या हातात फक्त शेवटचे काही टक्के, पण दीड किलोतले काही टक्के म्हणजे सुद्धा आपण दिवसभरात खातो त्याहून जास्तच, त्यामुळे शरीरात मीठ किती उरणार, त्यामागे पाणी किती राहणार आणि प्रेशर कुठे टेकणार हे बरंचसं तिथे ठरतं. आणि अल्डोस्टेरॉन मिठातलं सोडियम राखताना पोटॅशियम बाहेर टाकतं.

ही साखळी माहीत असली की गोळ्यांची नावंही वाचता येतात. शेवटी 'प्रिल' असलेल्या एसीईला अडवतात, 'सार्टन'वाल्या अँजिओटेन्सिन टूला पेशीला चिकटू देत नाहीत. दोन्हींमुळे अल्डोस्टेरॉन कमी होतं, मग पोटॅशियम बाहेर पडायचं प्रमाणही घटतं आणि रक्तात ते वाढू शकतं, म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांना डॉक्टर अधूनमधून पोटॅशियमची टेस्ट सांगतात. 'लो सोडियम' मिठात सोडियमऐवजी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, तेव्हा यातली गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.