कल्चर निगेटिव्ह, तरीही झडपेला संसर्ग?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ असून ६ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. गेले २ महिने त्यांना संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजनही घटले आहे. रक्ताचे कल्चर तिन्ही वेळा निगेटिव्ह आले, तरीही मिरजेच्या डॉक्टरांनी ‘क्यू फीवर’ची तपासणी सांगितली आणि घरी जनावरे आहेत का, असे विचारले. आमच्या १२ शेळ्या आहेत. शेळ्यांचा आणि झडपेचा संबंध काय?
— एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : डॉक्टरांनी जनावरांची चौकशी केली, हे फार चांगले झाले, ती बऱ्याचदा राहून जाते आणि त्यात मोलाचे महिने जातात. कल्चर म्हणजे रक्तातील जंतू बाटलीत वाढवून पाहण्याची तपासणी. आधी अँटिबायोटिक घेतले असले तरी ते निगेटिव्ह येते, मात्र क्यू फीवरचा जंतू, म्हणजे कॉक्सिएला बर्नेटी, पेशींच्या आतच वाढत असल्यामुळे कल्चरच्या नेहमीच्या बाटलीत तो उगवतच नाही. शेळी व्याली किंवा गाभडली की वारेतून आणि गर्भजलातून तो मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, वाळून धुळीत मिसळतो, महिनोन्महिने टिकतो आणि श्वासावाटे माणसाच्या शरीरात जातो. म्हणून वार हाताळणाऱ्यालाच नव्हे, तर गोठा झाडणाऱ्यालाही धोका असतो. बहुतेकांचा ताप आपोआप ओसरतो. कृत्रिम किंवा मुळातच सदोष झडपेवर मात्र हा जंतू ठाण मांडू शकतो, आणि तेथील जंतूंचे पुंजके इतके लहान असतात की साध्या टू-डी एकोत ते अनेकदा दिसत नाहीत.

निदान प्रामुख्याने रक्तातील प्रतिपिंडांवरून होते. या जंतूविरुद्धच्या ‘फेज १ आयजीजी’ या प्रतिपिंडाची पातळी १:८०० च्या वर असल्यास संशय बळावतो. त्याच वेळी ब्रुसेलाचीही चाचणी करावी, कारण तो जंतू कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावरांपासून येतो व क्वचित झडपेपर्यंत पोहोचतो.

क्यू फीवर ठरल्यास डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे एकत्र दिली जातात. दुसऱ्या औषधामुळे पेशीतील आम्लता कमी होते आणि पहिले तेथे नीट काम करू शकते. स्वतःच्या झडपेसाठी सुमारे १८ महिने आणि कृत्रिम झडपेसाठी २४ महिने उपचार चालतात. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नयेत, डोळ्यांची तपासणीही वेळोवेळी करावी. दम लागला, पाय सुजले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

गेल्या वर्षभरात एखादी शेळी गाभडली असल्यास ते डॉक्टरांना आणि पशुवैद्यकांनाही सांगावे. वेताच्या दिवसांत वडिलांना गोठ्यात जाऊ देऊ नये, आणि घरात गरोदर स्त्री असल्यास तिलाही.