आपसात मिटलंय, मग केस का संपत नाही?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना पण कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. २०२२ मध्ये बांधावरून चुलत भावाशी भांडण झालं, झटापटीत त्याच्या मुलाच्या हाताला विळा लागला, तीन टाके पडले. तुमच्यावर आणि धाकट्या भावावर आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) ३२४, ३२३ (साधी दुखापत), ५०४ (मुद्दाम अपमान करून डिवचणं), ५०६ (धमकी) आणि ३४ (एकाच इराद्याने मिळून केलेलं कृत्य) लागलं, तुमच्या क्रॉस फिर्यादीवरून त्यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. दोन्हीत चार्जशीट झालंय, चार्ज फ्रेम झालाय (कोर्टाने आरोप निश्चित केलेत), साक्षी अजून सुरू नाहीत. मग मोजणी झाली, बांध ठरला, स्टॅम्प पेपरवर समझोता लिहून नोटरी केलीत, आता एकमेकांच्या घरी येणंजाणं सुद्धा आहे. पण पोलीस म्हणतात आमच्या हातात काही नाही, लोकअदालतीत फाइल ठेवली तर तशीच परत आली, आणि धाकट्याचं सरकारी नोकरीत सिलेक्शन झालंय म्हणून घरात कुणाला झोप नाही.

पोलीस खोटं बोलत नाहीयेत. एकदा एफआयआर झाली की केस चुलत भाऊ विरुद्ध तुम्ही अशी राहतच नाही, ती सरकार विरुद्ध तुम्ही अशी होते, म्हणून फिर्यादीने "मला केस चालवायची नाही" म्हटलं तरी ती आपोआप संपत नाही. काही गुन्हे मिटवायची परवानगी कायद्यानेच दिलीय, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३२०, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३५९. तुमच्यातलं ३२३, ५०४, ५०६ त्या यादीत आहे. ३२४ नाही, म्हणजे धारदार किंवा घातक हत्याराने केलेली दुखापत. पूर्वी ती कोर्टाच्या परवानगीने मिटायची, नंतर दुरुस्ती करून यादीतून काढली. लोकअदालतीला तडजोड न होणारा गुन्हा घेताच येत नाही, फाइल परत आली ती त्यामुळे, कुणी मुद्दाम अडवलेलं नाही.

मग रस्ता एकच, हायकोर्ट. तिथे क्वॉशिंगचा, म्हणजे एफआयआर आणि केस रद्द करायचा अर्ज करायचा. पूर्वी हा सीआरपीसी ४८२ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस ५२८ खाली होतो. घटना जुनी असल्यामुळे गुन्ह्याची कलमं मात्र आयपीसीचीच राहतील, त्यात गोंधळून जाऊ नका. तुमचा जिल्हा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूर यातल्या ज्या बेंचखाली येतो तिथे जायचं.

मिळेल का? मला तरी चांगली आशा वाटते. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सांगितलंय की यादीत नसलेला गुन्हा सुद्धा, वाद मुळात खाजगी असेल आणि खरंच मिटला असेल तर हायकोर्ट रद्द करू शकतं, फक्त खून, बलात्कार, दरोडा असले गुन्हे नाही. मग २०१४ ला नरिंदर सिंगच्या केसमध्ये वेळेचं सांगितलं, की साक्षी सुरू व्हायच्या आधी आलात तर कोर्ट उदार राहू शकतं, पुरावा संपत आल्यावर आलात तर सहसा नाही. तुम्ही नेमके त्या आधीच्या टप्प्यावर आहात, म्हणून घाई करा म्हणतोय.

आता तुम्ही पाठवलेल्या समझोत्याच्या फोटोबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. पहिलं म्हणजे त्यावर चुलत भावाची सही आहे, पण ज्याला टाके पडले त्या पुतण्याची सहीच नाही. जखमी तो आहे, त्याचं स्वतःचं ॲफिडेविट लागेल आणि बहुतेक त्याला कोर्टात समक्ष उभं राहावं लागेल, न्यायमूर्ती थेट विचारतात की कुणाचा दबाव आहे का, पैसे घेऊन सही केली का. त्याच्या मनात अजून राग असेल तर आधी त्याच्याशी बसून बोला, सही नंतर.

दुसरं, चौथ्या ओळीत लिहिलंय, "सदर फिर्याद रागाच्या भरात खोटी दिली होती". हे कुणी लिहायला सांगितलं? दवाखान्याचं सर्टिफिकेट आहे, टाके आहेत, आणि तुमचा चुलत भाऊ लिहून देतोय की खोटं होतं. खोटी फिर्याद देणं हाच गुन्हा आहे, म्हणजे तुम्हाला सोडवताना तोच अडकायचा. ॲफिडेविटमध्ये एवढंच हवं, की वाद जमिनीचा होता, नातेवाइकांच्या मध्यस्थीने मिटला, आता तक्रार नाही, एफआयआर रद्द करायला हरकत नाही. घडलं ते घडलं, ते पुसायची गरजच नाही.

आणि गावात जो सल्ला मिळतोय ना, "हायकोर्टाचा खर्च कशाला, साक्षीला फिरला की सुटलात", तो कृपा करून ऐकू नका. पुतण्याला शपथेवर खोटं बोलायला लावायचं, पकडला तर खोट्या साक्षीची कारवाई त्याच्यावर, आणि साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटलात तर नोकरीवाले त्याला स्वच्छ सुटका मानतीलच असं नाही. बावीस वर्षांचा पोरगा आहे तो, आधीच एकदा तुमच्या भांडणात सापडलाय.

तुमच्या फिर्यादीवरची केस पण याच्याबरोबरच मिटवा. त्यासाठी अर्ज त्यांनी करायचा आणि ॲफिडेविट तुम्ही द्यायचं, दोन्ही अर्ज एकत्रच सुनावणीला येतील असं वकिलांना सांगा, एक बाजू सुटली आणि दुसरी अडकून राहिली तर जुनं सगळं परत उकरलं जातं. एफआयआर, चार्जशीट, मेडिकल सर्टिफिकेट, सगळ्यांचे आधार आणि सध्याचा समझोता घेऊन जा. कधीकधी कोर्ट काही रक्कम भरायला लावतं, तेवढी तयारी ठेवा. वकील परवडत नसेल तर हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

धाकट्याच्या फॉर्ममध्ये केसचा रकाना असेल तर खरं लिहायचं, पेंडिंग असेल तर पेंडिंग, रद्द झाली असेल तर रद्द. केस छोटी असली तरी लपवल्याने नोकरी जाऊ शकते, २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने यावर सविस्तर लिहिलंय.

तोपर्यंत खालच्या कोर्टाची एकही तारीख चुकवू नका, समझोता झालाय म्हणून घरी बसलात तर वॉरंट निघेल. आणि ऑर्डर झाली की सर्टिफाइड कॉपी घेऊन खालच्या कोर्टात आणि पोलीस स्टेशनला स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, नाहीतर व्हेरिफिकेशनला गेलेल्या हवालदाराच्या रजिस्टरमध्ये केस पेंडिंगच दिसत राहते.