तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका : पालकांची प्रश्नोत्तरे

विशेष मुलांच्या पालकांची पत्रे वाचताना गावे बदलतात, घोळ तोच राहतो. मुलाची शाळा शेजारी ठरवतात, उपचार व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ठरवतो आणि साधी तपासणी राहून जाते.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. हाक मारली तरी वळून बघत नाही, दोन शब्द जोडून बोलत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलायला लागला. थांबू का? (सातारा)

नाही. आधी कान तपासा, मग मुलांच्या विकासाचा अभ्यास असलेल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. बापाची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा, पण तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र) काढले तर मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्का बसतो का? (लातूर)

नाही. दाखवायचे नसेल तेव्हा कार्ड कपाटात ठेवा.

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सोय नाही, स्पेशल स्कूल बघा." दुसरी शाळा म्हणते, शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या शिक्षकाचा पगार तुम्ही दिलात तर घेऊ. भांडू, की विशेष शाळा शोधू? (ठाणे)

हे पत्र मला दर जूनमध्ये येते, फक्त शाळा बदलते. आणि दर वेळी मी विचारतो, नकाराचा कागद कुठे आहे? कागद कोणाकडेच नसतो. बाई म्हणाल्या, शिपाई म्हणाला, ऑफिसातून सांगितले. उद्या शिक्षणाधिकारी शाळेला विचारतील तेव्हा शाळा म्हणणार, हे पालक आमच्याकडे आलेच नव्हते.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज लेखी करा. मुलाचे निदान लिहा, कोणती मदत लागेल ते लिहा आणि लेखी उत्तर मागा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कारकुनाला द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, नंतर या" असे म्हणाला तर हुज्जत घालत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. मी पाहिलेल्या कित्येक प्रकरणांत आवक क्रमांक पडला की शाळेची भाषा मऊ झाली.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 16 भेदभाव न करता प्रवेश देण्याविषयी आहे आणि ते फक्त सरकारी शाळांपुरते नाही, सरकारमान्य शाळांनाही लागू आहे. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. खासगी विनाअनुदानित शाळेच्या फीचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, तो वकिलापुढे ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांत दिव्यांग मुले वंचित गटात येतात, तोही अर्ज वेळेत भरा.

शॅडो टीचरचा पगार भरला नाही म्हणून प्रवेश अडवावा, असे मला कायद्यात कुठेच सापडत नाही. उलट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या दर 10 मुलांमागे प्राथमिक स्तरावर आणि दर 15 मुलांमागे त्यावरच्या स्तरावर एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. "काही झाल्यास शाळा जबाबदार नाही" असे स्टँप पेपरवर लिहून मागितले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

उत्तर आले नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. मुलाला खरोखर कोणती शाळा मानवेल हा मात्र वेगळा प्रश्न आहे. काही मुले विशेष शाळेत जास्त खुलतात. ते मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मुलाला तपासून सांगतील. शाळेच्या फाटकावर ते ठरत नाही.

मुलगी सातवीत आहे, वाचताना अडखळते. एक क्लास तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा करतो म्हणतो, प्रमाणपत्रही देतो. (नाशिक)

पैसे भरू नका. डिस्लेक्सिया हा ताप नव्हे, की औषध घेतले आणि उतरला. योग्य पद्धतीने शिकवले तर मूल वाचायला लागते, पण त्याला वेळ लागतो. शिकवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. 1992 च्या कायद्याने नोंदणीशिवाय हे काम करणे गुन्हा आहे. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी क्लासचे प्रमाणपत्र चालत नाही, त्यासाठी शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयाचेच लागते. तिथली रांग मोठी असते, म्हणून आत्ताच नंबर लावा. दहावीच्या फेब्रुवारीत धावत येणाऱ्यांना मी काय सांगणार? फेरतपासणी कधी करायची तेही तिथेच विचारून घ्या.

स्वमग्नतेवर स्टेम सेलचे (मूळ पेशींच्या उपचाराचे) पॅकेज विकणाऱ्यांबद्दलही बरीच पत्रे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे म्हटले आहे. जाहिरातीतल्या नंबरवर फोन करू नका, मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 25 टक्के आले. आता काहीच मिळणार नाही का? (कोल्हापूर)

40 टक्क्यांची अट असलेले लाभ नाहीत. शाळेत भेदभाव न होण्याचा हक्क आहे. आकडा पटत नसेल तर अपील करा, पण आधी डॉक्टरांकडून तो कसा काढला हे समजून घ्या.

मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. पुढच्या वर्षी तो 18 पूर्ण करेल. आम्ही आईवडील आहोतच, मग कागद कशाला? (सोलापूर)

कारण 18 पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो सज्ञान. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. कागदपत्रांची यादी आताच आणून ठेवा. नोटरीकडे मुलाचा अंगठा घेऊन मुखत्यारपत्र करून देणारे एजंट भेटतील, त्यांना एक रुपयाही देऊ नका. ज्याला व्यवहार समजत नाही त्याने दिलेले मुखत्यारपत्र टिकत नाही. घर किंवा शेत त्याच्या नावे करायचे असेल तर मृत्युपत्र करावे की न्यास (ट्रस्ट), हे वकिलाकडून समजून घ्या, आणि त्या बैठकीला त्याच्या बहिणीलाही घेऊन जा. पुढे सगळे तिलाच बघायचे आहे, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. ते तिला विचारले आहे का?