नावाने नळाला पाणी येतं का?

प्रश्न : नमस्कार काका, परळला आमची चाळ पाडून टॉवर झालाय, एक विंग आम्हा जुन्या भाडेकरूंची आणि एक सेलची, म्हणजे बाहेरच्यांना विकलेल्या फ्लॅटची. आम्हाला चाळीचंच नाव हवंय, सेलवाल्यांना काहीतरी 'हाइट्स'. परवाच्या मीटिंगमध्ये आमच्यातलाच एकजण उठून म्हणाला, जुनं नाव नको म्हणणारे मराठी माणसाच्या मुळावर उठलेत. झालं, सगळे गप्प, कॉर्पस फंड (बिल्डरने देखभालीसाठी द्यायची ठेव) आणि लिफ्टचा विषय होता तोपण राहूनच गेला. आमचे हे म्हणतात, नावाने नळाला पाणी येतं का? खरंच एवढा फरक पडतो का हो नावाने?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, पाणी नाही येत, तुमच्या मिस्टरांचं बरोबर. पण फरक पडतो, आणि कसा ते बघायला फोर्टात जा. काळा घोडा म्हणतो ना आपण, तो घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ मध्येच उचलून राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडा गेला, तरी पुढची पन्नास वर्षं लोक काळा घोडाच म्हणत राहिले, मग २०१७ ला तिथे नवीन घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. राजाचं कुणालाच काही पडलं नव्हतं बहुतेक!

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर फ्लोरा फाउंटन. १८६४ चं कारंजं, वर रोमन देवी. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे मोर्चावर गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गेली, आणि चौक हुतात्मा चौक झाला. आज कारंजंही आहे आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगारही, त्याच चौकात. कुणी फाउंटन म्हणतं, कुणी हुतात्मा चौक, पण फाउंटन म्हणणारा हुतात्म्यांचा वैरी असतो का? माझे वडील मोर्चात होते आणि मरेपर्यंत फाउंटनच म्हणायचे.

आता तुमच्या मीटिंगचं. तुम्हाला चाळीचं नाव म्हणजे गॅलरी, गणपती, ८२ च्या गिरणी संपात शेजारणीने न मागता दिलेलं पीठ. सेलवाल्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याला 'हाइट्स' म्हणजे वीस वर्षं हप्ते भरून आपण कुठेतरी पोचलो याची पाटी. तोही भावनेचाच मामला आहे हो, फक्त इंग्लिशमध्ये आहे म्हणून आपल्याला तो नुसता शो वाटतो. आणि जो उठून मराठी माणूस म्हणाला त्याने नावाची बाजू घेतलीच नाही, त्याने तोंडं बंद केली. एकदा अस्मिता मध्ये आली की लिफ्टचं विचारणारा लगेच फितूर ठरतो, मग कोण विचारणार? मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात खूश बिल्डर झाला असेल.

उलटंही होतं बरं का. १८९३ ला टिळकांनी गणपती सार्वजनिक केला, त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईक चाळीतही बसला. इंग्रजांच्या राज्यात सभेवर नजर असायची पण उत्सवात जमायला काय अडचण, मग मंडपात व्याख्यानं, मेळ्यांची पदं, सगळं चालायचं. तिथे देवाच्या निमित्ताने लोक बोलायला लागले, तुमच्याकडे नावाच्या निमित्ताने गप्प झाले.

म्हणून पुढच्या मीटिंगला अजेंडा उलटा करायला सांगा, आधी कॉर्पसचा हिशोब, मग लिफ्टचं कोण भरणार, नाव सगळ्यात शेवटी. आणि पैशाची उत्तरं लेखी मागा, तोंडी नको. नावाचं एवढं टेन्शन घेऊ नका, सेलवाले टॅक्सीवाल्याला पत्ता काय सांगतात ते एकदा कान देऊन ऐका, 'ती अमुक चाळ होती ना, तिथेच'.